‘त्यात काय, यादी आहेच की!’

परदेशातल्या आपल्या उद्योजक मेळाव्यांची तयारी कशी होते, ते तुम्ही पाहिलं असेल. आधी हॉल ठरतो, मग जेवण, मग प्रमुख पाहुणे. आमंत्रणाचा विषय शेवटच्या बैठकीत निघतो आणि कुणीतरी म्हणतं, “त्यात काय, मंडळाची यादी आहेच की! फ्लायर जोडून सगळ्यांना एक मेल टाकून देऊ.” माझं भांडण या ‘त्यात काय’शी आहे.

ती यादी आली कुठून? कुणी गणपतीच्या महाप्रसादासाठी नाव नोंदवलं, कुणी दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं, कुणी मुलीला मराठी शाळेत घातलं. त्यासाठी लोकांनी आपला पत्ता दिला. विमा एजंटच्या स्टॉलसाठी किंवा घरं विकणाऱ्या प्रायोजकासाठी दिला नव्हता. शेजारणीनं पूजेसाठी दिलेली समई आपण दुकानाच्या उद्घाटनाला परस्पर नेऊ का?

कायद्यांनाही हा फरक कळतो. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेला नियम सांगतो की माहिती ज्या कारणासाठी घेतली, त्याच्याशी न जुळणाऱ्या कामाला ती वापरू नये. कॅनडात १ जुलै २०१४ पासून व्यापारी मेल पाठवण्याआधी संमती लागते. अमेरिकेचा २००३ चा कायदा सैल आहे. तो आधी परवानगी मागायला लावत नाही. मात्र व्यापारी मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, यादीतून बाहेर पडायची सोय हवी आणि कुणी बाहेर पडायचं म्हटलं तर कामकाजाच्या दहा दिवसांत त्याचं नाव निघायला हवं. तुमच्या गेल्या आमंत्रणात यातलं काय होतं, जरा उघडून बघा.

गंमत म्हणजे ज्याला जगातली पहिली स्पॅम मेल म्हणतात, ती एक आमंत्रणच होती. मे १९७८ मध्ये डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळपास ४०० अर्पानेट वापरकर्त्यांना एकाच वेळी मेल पाठवली. पत्ते छापील डिरेक्टरीतून उचललेले होते. ते इतके होते की जागेत न मावता मजकुरात सांडले. लोक भडकले. त्या मेलमुळे मोठी विक्री झाली, असं थुर्क पुढे सांगत आले. झालीही असेल. पण ती तशी पहिलीच मेल होती. तुमची मेल वाचणाऱ्याच्या डब्यात आज सकाळपासूनची चाळिसावी असते.

मी संशोधक आहे, धंद्यातली नाही. पण अमेरिकेतल्या विद्यापीठात माणसांवरच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक हवे असतील, तर बोलावण्याचा मजकूरसुद्धा आधी नीतिविषयक समितीसमोर ठेवावा लागतो. या माणसाचा पत्ता कसा मिळाला? त्यालाच का बोलावताय? त्याचा किती वेळ जाईल? त्याला सहज नाही म्हणता येईल का? हे चार प्रश्न मेळाव्याच्या मेलला लावून पाहा. बहुतेक मेल पहिल्याच प्रश्नाला नापास होतील.

“आम्ही नोकऱ्या सांभाळून फुकट राबतो, एवढा वेळ कुणाला आहे?” हे उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटं नाही. पण हजार जणांना एकच मेल पाठवून पुन्हा त्याच चाळीस ओळखीच्या चेहऱ्यांना जेवू घालणं, हा कुठला वेळेचा सदुपयोग? घरून डबे देणारी बाई फ्लायरवरचे सूटबूट पाहते आणि हे आपल्यासाठी नाही म्हणून मेल पुसून टाकते. खरं तर परवाना, विमा आणि हिशेब समजावणारा माणूस तिलाच हवा असतो. “या मेळाव्यात खाद्यव्यवसायाच्या परवान्यांवर अर्धा तास आहे, तुम्ही यावं असं वाटतं,” एवढ्या दोन ओळी तिच्या नावानं गेल्या तर ती येईल.

आणि वैतागलेला माणूस फक्त मेळाव्याला नाही म्हणत नाही, तो मंडळाच्या यादीतूनच बाहेर पडतो. उद्या गावातला एखादा विद्यार्थी अपघातात गेला, त्याला घरी पाठवायला पैसे उभे करायचे असले, कुणाला रक्त हवं असलं, तर तो निरोप याच यादीवरून जातो. तो वाचायला तेव्हा कोण उरलेलं असेल?

काम अवघड नाही. सहा आठवडे आधी हा मेळावा नेमका कुणाच्या उपयोगाचा, ते कागदावर लिहा. मंडळाच्या यादीला एकदाच, एका ओळीत विचारा: व्यवसायाची पत्रं हवीत का? हो म्हणतील त्यांची वेगळी यादी करा. ज्यांना खास बोलवायचं, अशी पन्नास-साठ नावं समितीनं वाटून घ्यावीत आणि प्रत्येकाला आपल्या नावानं लिहावं. तारीख, वेळ, खर्च, पार्किंग आणि शेवटी कितीला सुटणार, हे पहिल्याच मेलमध्ये द्या. आठवण फक्त नाव नोंदवलेल्यांना, दोन दिवस आधी. बस्स.

घरच्या लग्नाचं बोलावणं अक्षता घेऊन दारात जाऊन करणारे आपण. पुढच्या बैठकीत कुणी “त्यात काय” म्हणालं, तर तिथल्या तिथे विचारा: ही नावं कुणी, कशासाठी दिली होती? उत्तर मिळेपर्यंत मेल जाऊ देऊ नका.