रहमानला मराठीत काय म्हणायचं?

जालन्यातल्या आपल्या पोरांच्या कानावर दिवसभरात किती भाषा पडतात पाहा. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी, जुम्म्याच्या बयानात जड उर्दू, मोबाइलवर इंग्रजी. यातली समजून वाचता येणारी भाषा बहुतेकांची एकच, मराठी. आणि नेमक्या त्याच भाषेतला कुरआन हातात घ्यायला आपण कचरतो.

उर्दू वाचनातून कशी गेली ते उघड आहे. निजामाच्या काळात ती कचेरीची भाषा होती. 1948 ला ते राज्य गेलं, 1960 ला महाराष्ट्र झाला, नोकरीची वाट मराठी-इंग्रजीतून जाऊ लागली. मीही मराठी माध्यमातलाच. नाजरा पूर्ण केला, म्हणजे अरबी अक्षरं बिनचूक वाचता येतात. अर्थ कळत नाही. आमच्या धंद्यात कुणी म्हणालं की कोड वाचून दाखवतो, पण तो काय करतो ते विचारू नका, तर त्याला कुणी कामावर ठेवणार नाही.

दुसऱ्या भाषेत अल्लाहचं नाव बदलतं, असा आक्षेप येतो. तो घेणारेही 'खुदा हाफिज' म्हणत मोठे झालेत. खुदा फारसी शब्द. नमाज, रोजा, पैगंबर हेही फारसीच. ज्या उर्दू तर्जुम्याला आपण परंपरा मानतो, तोही कधीकाळी नवाच होता. दिल्लीच्या शाह अब्दुल कादिर यांनी आपला तर्जुमा 1790 च्या सुमारास पुरा केला.

हुदैबियाचा तह आठवा, सन 628. मसुद्याच्या माथ्यावर 'रहमान' आणि 'रहीम' ही नावं येताच मक्केचा सुहैल अडून बसला. हा रहमान आम्हाला ठाऊक नाही, आमच्या रीतीने 'बिस्मिक अल्लाहुम्म' लिहा, असा त्याचा हट्ट. सोबत्यांना ते रुचलं नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मात्र तसंच लिहायला सांगितलं. सतराव्या सूरहची 110 वी आयतही हेच सांगते: अल्लाह म्हणा की रहमान, सगळी उत्तम नावं त्याचीच.

अनुवादात काही निसटतं, हे मात्र खरं. 'रहमान' आणि 'रहीम' एकाच धातूतून आले, आणि आईच्या गर्भाशयाचा अरबी शब्दही त्याच धातूचा. 'कृपाळू, दयाळू' म्हटलं की ते नातं तुटतं. पण मराठीत 'माउली' हा शब्द आहे. तो अनुवादात घाला असं मी म्हणत नाही. ज्याला रोज हा शब्द ऐकू येतो, त्याला रहमान समजावणं सोपं आहे, एवढंच. ही सोय उर्दूत मला तरी सापडलेली नाही.

नमाजची अरबी बदलावी, असा माझा आग्रह नाही. तुर्कस्तानात 1932 ते 1950 अजानही सरकारी हुकमाने तुर्कीत दिली जायची. बंदी उठताच लोक आनंदाने अरबी अजानकडे परतले. इबादतीची भाषा जिथे आहे तिथे राहू द्या. समजण्याची भाषा आपली हवी.

कारण आज आपल्याला कुरआन दोन ठिकाणांहून तुकड्या-तुकड्याने मिळतो. एक आपल्याकडचा बयान, दुसरा द्वेष पसरवणारा व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड. दोघंही आयत मागच्या-पुढच्या ओळींपासून तोडतात. कॉलेजात कुणी तो फॉरवर्ड समोर धरला की आपली मुलगी गप्प बसते. तिला बाजू मांडायची असते, पण ते पान तिने वाचलेलंच नसतं.

मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. दोन शेजारी ठेवून वाचा, जमलं तर चार जणांनी मिळून वाचा. जिथे शब्द वेगळे पडतात तिथे थांबा. सुरुवात 'तक्वा'पासून करता येईल. त्याचा धातू जपण्याचा, बचावाचा. मग मराठीत त्याला भीती म्हणायचं की स्वतःला जपणं? तुमचं उत्तर आम्हाला लिहून पाठवा. मराठीत किंवा उर्दूत.