निवृत्तीचा पैसा आधी कुणाचा?

नोकरी संपायला सहा-आठ महिने उरले की घरात न बोलता एक वाटणी सुरू होते. थोरल्याला दुकान टाकून द्यायचे असते. धाकटीचा निकाह ठरत आलेला असतो. वरचा मजला अर्धवट राहिलेला असतो. एखादा नातेवाईक ‘तेवढे दोन लाख फिरवायला द्या’ म्हणून आधीच सांगून ठेवतो. हजची नियत तर कितीतरी वर्षांची असते. पैसा अजून हातात आलेला नसतो, पण तो कुठे जाणार हे ठरून गेलेले असते. या यादीत सगळ्यांची नावे असतात. ज्या दोघांनी तीस-पस्तीस वर्षे खपून हा पैसा उभा केला, त्यांची मात्र नसतात.

या महिन्यात आम्हाला एवढेच सांगायचे आहे की निवृत्तीच्या पैशातून पहिला हिस्सा अब्बा आणि अम्मी यांच्या निर्वाहाचा काढावा. त्यानंतर जे उरेल त्यातून बाकीच्यांचे पाहावे. ऐकायला हे सोपे वाटते, घरात बोलून दाखवायला अवघड जाते. आई-बापाने स्वतःसाठी पैसा राखून ठेवला तर त्यांचा मुलांवर भरवसा नाही, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर ज्या घरात आई-बापाला औषधासाठी हात पसरावा लागत नाही, त्या घरात मुलांशी नातेही जास्त मोकळे राहते.

किती वर्षांचा हिशेब?

राज्य सरकारचा बहुतेक नोकरवर्ग ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. पत्नी सहसा चार-पाच वर्षांनी लहान असते. ती ५३ वर्षांची असेल आणि अल्लाहने तिला ८३ वर्षांचे आयुष्य दिले, तर हा पैसा ३० वर्षे पुरायला हवा. त्यातली शेवटची काही वर्षे ती बहुधा एकटी असेल. म्हणून हिशेब नवऱ्याच्या वयावरून न करता बायकोच्या वयावरून करावा.

महागाई दरवर्षी सहा टक्के धरली तर आज २५ हजारांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी ५० हजार आणि चोवीस वर्षांनी सुमारे एक लाख लागतील. आज हातात आलेली वीस लाखांची रक्कम डोंगराएवढी दिसते, पण या हिशेबापुढे ती लहान ठरते.

हातात काय येते?

प्रत्येक घराची गोष्ट वेगळी असते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत लागलेल्या शिक्षकाला आणि कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्यांना ती आपोआप मिळत नाही. आपण नेमक्या कोणत्या योजनेत आहोत, हे त्यांनी कार्यालयातून लेखी मागून घ्यावे. खासगी कंपनीत भविष्य निर्वाह निधीबरोबर मिळणाऱ्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती दरमहा १,००० रुपये. त्याशिवाय ग्रॅच्युइटी असते: सेवेच्या दर वर्षामागे शेवटच्या पगाराच्या हिशेबाने पंधरा दिवसांचे वेतन.

रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी घरे आखातातल्या कमाईवर उभी राहिली. तिथून परतणाऱ्या आपल्या माणसाला पेन्शन नसते. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षाचे २१ दिवसांचे आणि पुढच्या दर वर्षाचे ३० दिवसांचे मूळ वेतन एकरकमी मिळते. घरभाडे आणि इतर भत्ते त्यात धरत नाहीत. त्यामुळे पगाराकडे पाहून बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्ष आलेली रक्कम यांत मोठा फरक पडतो.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या बहुतेकांच्या हाती यातले काहीच येत नाही. अशा घरातल्या तरुणांनी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेची चौकशी जरूर करावी. दरमहा १५ हजारांपर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगाराला १८ ते ४० या वयात तिथे नाव नोंदवता येते. वयाप्रमाणे दरमहा ५५ ते २०० रुपये भरावे लागतात, तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण म्हातारपणी स्वतःच्या खात्यात येणारे तीन हजार रुपये आणि मुलाकडे मागितलेले तीन हजार रुपये यांत फार अंतर आहे.

व्याज नको, मग काय?

आपल्या अनेक घरांत हा प्रश्न इथेच अडतो. बँकेच्या मुदत ठेवीचे व्याज घ्यायचे नाही म्हणून पैसा नुसता पडून राहतो. दरवर्षी अडीच टक्के जकात निघते, आणि ती निघालीच पाहिजे. आता हिशेब करा. दहा लाख रुपये काहीही न कमावता वीस वर्षे ठेवले, त्यातला एक रुपयाही खर्च केला नाही, फक्त जकात दिली, तर सहा लाखांच्या आसपास उरतात. त्या सहा लाखांची किंमत महागाईने खाल्लेली असते ती वेगळीच. हजरत उमर यांनी यतीमांच्या मालाबद्दल सांगितले होते की तो व्यापारात लावा, म्हणजे जकातीने तो संपून जाणार नाही. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त याची नोंद आहे. यतीमांच्या मालाला जो नियम, तोच म्हाताऱ्यांच्या मालाला लावायला हरकत नसावी.

पैसा कामाला लावण्याचे सरळ मार्ग आहेत. भाड्याने देता येईल असा गाळा किंवा खोली हा त्यातला सर्वांत जुना. इमारतीच्या किमतीवर जकात नसते, हातात शिल्लक राहिलेल्या भाड्यावर असते, असे बहुतेक फकीह सांगतात. दुसरा मार्ग म्हणजे ओळखीच्या, चालत्या धंद्यात नफा-तोट्याची भागीदारी. ती सख्ख्या भावाशी असली तरी कागदावर असावी आणि दर तिमाहीला वही दाखवली जावी. तिसरा मार्ग, शरीअतचे निकष लावून शेअर निवडणारे म्युच्युअल फंड. टाटा एथिकल आणि टॉरस एथिकल हे त्यांतले जुने. पण हा शेअर बाजार आहे, तो खालीही येतो. पुढची सहा-सात वर्षे लागणार नाही तेवढाच पैसा तिथे ठेवावा. सोने घरात शोभते, अडचणीला उपयोगी पडते, पण ते महिन्याचा किराणा भरत नाही आणि जकात त्यावरही आहे.

काय जायज हे आलिमांना विचारावे, काय परवडते हे हिशेबनिसाला विचारावे. एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारला की घोटाळा होतो. जून २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए ही कंपनी कोसळली. हलाल नफ्याच्या नावाने तिने मुस्लिम घरांतूनच पैसा गोळा केला होता. हजारो कुटुंबांची पुंजी तिथे अडकली. दाढी, टोपी आणि ‘इन्शाअल्लाह’ यांवरून धंद्याची पारख होत नाही. दरमहा ठरलेला मोठा नफा कुणी देऊ करत असेल, तर तो कुठून येतो हे विचारावे. उत्तर समजले नाही तर पैसे देऊ नयेत.

पहिले वर्ष जपावे

निवृत्तीचा पैसा कितीतरी घरांत पहिल्याच वर्षी संपतो. म्हणून आमचा सल्ला असा की रक्कम आल्यावर सहा महिने कुणालाही ‘हो’ म्हणू नये. दोन वर्षांचा घरखर्च सहज काढता येईल असा बाजूला ठेवावा. आजारपणासाठी वेगळी रक्कम राखावी. आयुष्मान योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड जरूर काढावे. पण ५८ ते ७० ही मधली बारा वर्षे आपली आपणच सांभाळायची असतात. तिसरा भाग महिन्याची आवक देणाऱ्या कामाला लावावा.

हज फर्ज झाला असेल तर तो टाळू नये. त्याचा पैसा नोकरीत असतानाच वेगळा साठवावा, म्हणजे म्हातारपणाच्या भाकरीतून तो काढावा लागत नाही. वलीम्यात हजार माणसे जेवायला घालणे मात्र फर्ज नाही. नातेवाइकाला कर्जे-हसना द्यायचे असेल तर परत आले नाही तरी चालेल एवढेच द्यावे, आणि लिहून द्यावे.

घर कुणाच्या नावावर?

‘अब्बा, आताच नावावर करून टाका, नंतर कटकट नको,’ असे मुलगा म्हणतो आणि बाप सही करतो. हिबा जाहीर झाला, तो स्वीकारला गेला आणि ताबा दिला गेला की घर आपले राहत नाही. आई-बापाच्या देखभालीसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत फिरवू शकते. पण अट होती हे दाखवावे लागते आणि ऐंशीव्या वर्षी त्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात. त्यापेक्षा आपल्या हयातीत घर आपल्याच नावावर असू द्यावे. शिवाय एकट्या मुलाला घर दिले की बहिणींचा हक्क हळूच बुडतो. एका सहाबींनी आपल्या एकाच मुलाला देणगी दिली, तेव्हा पैगंबर साहेबांनी तिचे साक्षीदार होण्यास नकार दिला होता.

आता सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट. अपत्ये असतील तर पतीच्या मालमत्तेत पत्नीचा हिस्सा आठवा असतो. मृत्युपत्राने तो वाढवता येत नाही; वारसाला मृत्युपत्राने जास्त द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. म्हणजे जिने घर सांभाळले, ती उद्या त्याच घरात मुला-सुनेच्या मर्जीवर राहू शकते. तिची सोय आपल्या हयातीतच करता येते. मेहर बाकी असेल तर आजच द्यावी. ते कर्ज आहे, तिच्यावरची मेहरबानी नाही. एखादा गाळा किंवा काही रक्कम रीतसर तिच्या नावावर आणि ताब्यात द्यावी. बँकेचे खाते दोघांचे असावे, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदात तिचे नाव बरोबर लिहिलेले आहे का हे पाहावे. आधार कार्डावर एक नाव आणि सेवापुस्तकात दुसरे, ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही घरात सर्वांना ठाऊक असावे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, वाटणी वारसांतच होते.

आणि मनाचे काय?

पैशाची सोय झाली तरी सकाळचे दहा वाजतातच. काल या वेळी लोक ‘सर’ म्हणत होते, आज हातात वर्तमानपत्र आहे आणि ते वाचून झाले आहे. मग माणूस स्वयंपाकघरात डोकावतो, तेल जास्त का घातले म्हणून विचारतो. तीस वर्षे तिथे एकटीने राज्य केलेल्या बाईला हे सहन होत नाही. तिचीही बाजू आहे. नवरा निवृत्त झाला, तिची मात्र सुटी झालेली नाही, उलट दुपारचा एक चहा वाढला आहे.

पैगंबर साहेब घरी असत तेव्हा घरच्या कामांत हात लावत आणि अजान झाली की नमाजला जात, असे हजरत आयशा यांनी सांगितले आहे. निवृत्त माणसाला याहून चांगला दिनक्रम कोणता मिळेल? बाजार आणणे, नातवाला शाळेत सोडणे, स्वतःचा चहा स्वतः करणे ही कामे नोकरी संपण्याआधीच शिकावीत. आपल्या हुनराचे काही ना काही मोहल्ल्याला लागत असते. शिक्षकाने मुलांना गणित शिकवावे. बँकेत काम केलेल्याने विधवांचे अर्ज भरून द्यावेत. आखातातून आलेल्या मेस्त्रीने दोन पोरांना वायरिंग शिकवावे. मस्जिदीच्या कमिटीत खुर्ची मिळवणे हा मात्र या रिकामपणावरचा इलाज नाही.

मुले पुण्यात किंवा परदेशात असतील तर ‘ते येतील’ या आशेवर दिवस काढू नयेत. दोघांनी एकमेकांशी बोलायची सवय पुन्हा लावून घ्यावी. कोण आधी जाणार, मागे राहिलेल्याने कुठे राहायचे, हे बोलणे अपशकुनाचे नाही. मौत येणार हे आपण रोज म्हणतो, मग तिच्या नंतरच्या किराण्याबद्दल बोलायला लाजायचे कशाला?

या महिन्यात एका रविवारी अस्रनंतर घरातल्या सर्वांनी बसावे. मुलगी आणि सूनही असावी. येणे किती, देणे किती, मेहर दिली की नाही, कागद कुठल्या कपाटात आहेत, हे एका वहीत लिहावे आणि ती वही अम्मीच्या हातात द्यावी. तिला वाचता येत नसेल तर नातीने वाचून दाखवावी. अल्लाह आपल्या सर्वांच्या आई-वडिलांना इज्जतीचे आणि आफियतचे म्हातारपण देवो. पुढच्या महिन्यात याच सदरात वारसाचा दाखला कसा काढायचा, ते पाहू.