पोटाचे कर्ज, पायांचे व्याज

आपल्याकडे माणूस जाड झाला की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. मराठीत पोट ‘सुटते’, कन्नडमध्ये ते ‘येते’. जणू माणसाचा त्यात काही संबंधच नाही! बेळगावच्या बाजारपेठेत तर गादीवर बसलेल्या मालकाचे पोट ही दुकानाची पत समजली जाते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून ही नोंद मला मुळीच मान्य नाही. जमेला धरलेले हे पोट वास्तविक देणे आहे, आणि त्याची वसुली पायांकडून होते.

हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते. ते परत वर चढवण्याचे काम बरेचसे पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते शिरा दाबतात आणि शिरांतल्या झडपा रक्ताला खाली उतरू देत नाहीत. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. आता दिवसभर मांडी घालून बसलेल्या स्थूल माणसाकडे पाहा. पोटरी स्वस्थ आणि वरून पोटातल्या चरबीचा दाब! रक्त तुंबते, झडपा ढिल्या पडतात, संध्याकाळी घोटे सुजतात, निळ्या शिरा फुगून वेटोळी घेतात. कधी खोल शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावरच बेतते. घरी मात्र ‘वात आहे’ म्हणून तेल चोळणे चालू असते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर चोळत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा.

रोहिण्यांचे दुखणे वेगळे. त्या अरुंद झाल्या की चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो. यात पहिले गुन्हेगार तंबाखू आणि मधुमेह. काटकुळा विडी ओढणाराही सुटत नाही. पण मधुमेहाला घरात घेणारे पुष्कळदा हे पोटच असते.

विशीत ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी मर्यादा ठरवल्या: कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८०. उंची ५ फूट ६ इंच असेल तर ७० किलोच्या पुढे स्थूलपणाच. आमच्या वर्गातले कित्येकजण आताच त्या रेषेवर आहेत, आणि पुढे वाट पाहते आहे ती बँकेची नाहीतर दुकानाची खुर्ची. जाड मुलांची टिंगल मला करायची नाही. टिंगलीने कोणाचे वजन उतरल्याचे ऐकिवात नाही. तक्रार आहे ती जिमखान्याबद्दल. सामन्यात अकराजण खेळतात आणि बाकीचे आम्ही शेंगा खात टाळ्या वाजवतो. जे संघात नाहीत त्यांच्यासाठी रोज अर्धा तास मैदान मोकळे ठेवायला काय हरकत आहे? वजनकाट्याशेजारी शिंप्याची एक टेपही टांगावी. पहिले माप मात्र स्टाफरूममध्ये घ्यावे, एवढी नम्र विनंती.