रिकामा खिळा

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या घरात फळीवरचे डबे खाली उतरतात. यंदा उतरलेल्या प्रत्येक डब्यावर एकेक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. साखरेच्या डब्यावर 'फ्रुगल', पोह्यांच्या डब्यावर 'युबिक्विटस' आणि चकलीच्या सोऱ्यावर 'टॉर्च्युअस'!

"हे काय? डब्यांची बारशी केलीत की काय?" हिने मला दरडावून विचारले.

मी निरपराध होतो. हा उद्योग आमच्या नातीचा. तिला पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे आहे, आणि त्यासाठी जीआरई नावाची जी परीक्षा द्यावी लागते, तीत भल्याभल्या इंग्रजी शब्दांशी गाठ पडते. साखर जपून वापरावी म्हणून 'फ्रुगल', म्हणजे काटकसरी. पोहे घरोघरी असतात म्हणून 'युबिक्विटस', म्हणजे सर्वत्र आढळणारे. आणि चकलीची वळणे पाहून 'टॉर्च्युअस'. कल्पना मला आवडली.

"आता यांतला एखादा शब्द वाक्यात घालून दाखव," मी म्हणालो.

"वाक्य कशाला, आजोबा? अर्थ पाठ आहेत. रोजचे वीस शब्द!"

हे उत्तर मी पूर्वी ऐकले होते. वाचकहो, ते माझेच होते!

१९६८ साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि एका कचेरीत कारकुनी करीत होतो. शाळेत आमचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसले गेले; पण तेवढ्याने माझी भूक भागेना. रीडर्स डायजेस्टमध्ये १९४५ सालापासून शब्दसंपत्ती वाढवण्याचे एक सदर येत असे. एक शब्द, त्याचे चार अर्थ, आणि बरोबर अर्थावर खूण करायची. रद्दीवाल्याकडून जुने अंक आणून मी खुणा करीत सुटलो. खूण बरोबर आली, की शब्द आपल्या मालकीचा झाला, असा माझा समज होता.

त्याच वर्षी आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले. सारी कचेरी त्यांना अण्णा म्हणे. माझे वडील इस्पितळात होते तेव्हा माझी रजा अण्णांनी स्वतः साहेबांपुढे उभे राहून मंजूर करून आणली होती. इतकेच नव्हे, तर मला घटकाभर झोप मिळावी म्हणून दोन रात्री ते वडिलांच्या उशाशी येऊन बसले होते. त्यांचे इंग्रजी मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मन भरून आले होते. 'काइंड' हा चार आण्यांचा शब्द त्या ऋणाला कसा पुरणार? मी लिहिले, 'वुई शॅल नेव्हर फर्गेट युवर ऑफिशियस हेल्प अँड एग्रीजियस सर्व्हिस.' हारतुरे झाले, टाळ्या पडल्या, चहा-चिवडा झाला. कोणाला काही खटकले नाही. अण्णांनी मानपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावल्याचेही कानावर आले.

पाडव्याला फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. बैठकीच्या खोलीत भिंतीवर नुसता खिळा होता.

"काचेला तडा गेला रे, म्हणून काढून ठेवलंय," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"तडा कसला जातोय!" काकू आतून म्हणाल्या. "जावईबापू वाचून हसले, तेव्हापासून कपाटात आहे ते."

अण्णांचा नाइलाज झाला. त्यांनी शब्दकोश काढून माझ्या हाती दिला. 'ऑफिशियस' म्हणजे कोणी न बोलावता मदतीला धावणारा, लुडबुड्या. 'एग्रीजियस' म्हणजे उघडउघड वाईट. दोन्ही शब्द मुळात भल्या घरचे. पहिल्याच्या मुळाशी सेवा किंवा कर्तव्य या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, दुसऱ्याचा मूळ अर्थ कळपातून उठून दिसणारा. एके काळी दोन्ही स्तुतीसाठी वापरले जात. पुढे दोन्ही बिघडले. मला त्यांचे कूळ ठाऊक होते, वर्तन ठाऊक नव्हते.

मला मान वर करवेना. अण्णाच म्हणाले, "अरे, तुझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. पण जावयाला तू कुठे ठाऊक होतास? त्याच्यापुढे कागदच बोलणार."

मग त्यांनी मला एक युक्ती सांगितली. नवा शब्द दुसऱ्याला लावण्याआधी स्वतःला लावून पाहायचा. 'मी ऑफिशियस आहे' असे इंग्रजीत लिहून, ते वाक्य शब्दकोशातल्या उदाहरणांशेजारी ठेवायचे. ती उदाहरणे ज्या माणसांविषयी आहेत, त्यांच्या पंगतीला बसायला आपण तयार आहोत का? नसू, तर दुसऱ्यालाही तिथे बसवू नये.

त्यांचे म्हणणे मराठीत चटकन पटते. 'उद्योगी' आणि 'उपद्व्यापी', दोघेही दिवसभर खपतात. पण एखादा परदेशी पाहुणा नुसत्या कोशाच्या भरवशावर तुमच्या सासूबाईंना 'आपण फार उपद्व्यापी आहात' असे म्हणाला, तर त्याला दुसरा लाडू मिळेल का? 'काटकसरी' आणि 'चिकट' यांचेही तेच. शिवाय शब्दांची सोबतही ठरलेली असते. पाऊस मुसळधार असतो, वारा कधी मुसळधार नसतो. इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि चहा 'स्ट्राँग'. अदलाबदल केली, की दोन्ही बिघडतात. ही सोबत अर्थ पाठ करून कळत नाही, ती वाक्यातच दिसते.

पुढच्या पाडव्याला मी अण्णांकडे नवा कागद घेऊन गेलो. त्यात एकही अवघड शब्द नव्हता. वडिलांच्या उशाशी काढलेल्या दोन रात्रींचा उल्लेख होता आणि शेवटी 'यू वेअर काइंड टु अस' एवढेच होते. अण्णांनी तो दोनदा वाचला, काकूंकडून चौकट मागवली आणि त्याच खिळ्यावर टांगली.

हे सारे ऐकून नात गप्प झाली. मग म्हणाली, "आजोबा, एक सांगू? परीक्षेतसुद्धा आता नुसते विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत. २०११ सालीच ते प्रश्न गेले. आता वाक्यातल्या गाळलेल्या जागाच भरायच्या असतात."

म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनाही अण्णांचे म्हणणे पटले म्हणायचे!

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आरामखुर्चीच्या पाठीवर एक चिठ्ठी होती. या खेपेला तिच्यावर नुसता शब्द नव्हता, सबंध वाक्य होते: 'माय ग्रँडफादर इज गॅर्युलस, बट आय लाइक टु लिसन.'

'गॅर्युलस' म्हणजे कंटाळा येईस्तोवर बोलणारा. अण्णांच्या नियमाप्रमाणे मी तो शब्द स्वतःला लावून पाहिला. थोडा टोचला खरा. पण पुढच्या 'बट'ने सारे सांभाळून घेतले होते.

चिठ्ठी मी काढलेली नाही.