इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला खालाच्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर औषधाच्या बाटलीचा फोटो पाठवला. पाठोपाठ तिचा फोन. "भाई, इसमें तो खाली पावडर हय. पानी कित्ता डालू?" तिचं लेकरू तापाने फणफणलं होतं. अँटिबायोटिकच्या बाटलीत कोरडी भुकटी होती आणि लेबलवर बारीक इंग्रजी अक्षरांत सूचना होत्या. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी द्यायच्या आधी बाटली हलवायची. मी वाचून सांगितलं. दोन मिनिटांचं काम होतं. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मला झोप लागली नाही.

कारण ही मुलगी अडाणी नाही. दहावी पास आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं. तिच्या पिढीला ते मिळालं, म्हणजे ती दहा वर्षं इंग्रजी शिकली. त्या लेबलवरचे बहुतेक शब्द तिच्या पाठ्यपुस्तकात कधी ना कधी येऊन गेले असणार. पाणी, बाटली, हलवणे, आधी, नंतर. 'मार्क' हा शब्द तर तिला चांगलाच ठाऊक होता, पण परीक्षेतला. बाटलीवरच्या खुणेलाही मार्क म्हणतात, हे दहा वर्षांत तिच्या वाचनात आलं नव्हतं. कारण दहा वर्षांत तिने इंग्रजी वाचलंच नव्हतं. तिने ते पाठ केलं होतं.

आपल्या घरांतून एलआयसीची पॉलिसी सगळ्यांना माहीत असते. हप्ते भरता भरता मध्येच अडचण आली आणि पॉलिसी मोडावी लागली, तर जी रक्कम हातात पडते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने हाच शब्द भाषाशिक्षणाला लावला. हा माणूस ढाक्यात शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजचा प्राचार्य होता. बंगालमधल्या द्विभाषिकतेवरचं त्याचं पुस्तक १९२६ साली निघालं. त्याचा प्रश्न साधा होता. बहुतेक मुलं शिक्षण पूर्ण होण्याआधीच शाळा सोडतात. ज्या दिवशी मूल शाळा सोडेल, त्या दिवशी त्याच्या हातात इंग्रजीतलं काय उरेल? जो अभ्यासक्रम फक्त शेवटपर्यंत पोचणाऱ्यांनाच फळ देतो, तो बाकी सगळ्यांचे हप्ते बुडवतो.

शंभर वर्षं होत आली. हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात अजून कोणी विचारत नाही, आणि तो सगळ्यात जास्त लागू पडतो आपल्यालाच. आपली किती पोरं दहावीनंतर गॅरेजमध्ये, बेकरीत, फळांच्या गाडीवर जातात, किती पोरींची शाळा लग्न ठरलं म्हणून सुटते, हे मला आकड्यांत सांगायची गरज नाही. तुमच्या गल्लीत मोजा. त्या प्रत्येकाने इंग्रजीचे हप्ते भरले आहेत. हातात काय पडलं?

मी स्वतः मराठी माध्यमाचा. घरात दखनी, शाळेत मराठी, शुक्रवारी खुतब्यात उर्दू. मी पाचवीत असताना एबीसीडी शिकलो. इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा मला इंग्रजी व्याकरणाचे नियम खडाखडा येत होते आणि एक साधं लेक्चर समजत नव्हतं. पहिल्या वर्षी मी शेवटच्या बाकावर बसलो तो मस्ती करायला नाही, कोणी प्रश्न विचारू नये म्हणून. पुढे नोकरी लागली. परदेशातल्या क्लायंटबरोबरच्या एका कॉलवर मला एक गोष्ट नीट कळली नव्हती. "मला समजलं नाही, पुन्हा सांगा" एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी "येस, येस" म्हणत राहिलो आणि तीन आठवडे चुकीचं काम केलं. माझी बुद्धी कमी नव्हती. गणित आणि विज्ञान मी मराठीत समजून शिकलो होतो, ते पक्कं होतं. बुडाली होती ती फक्त इंग्रजीची पॉलिसी.

ती बुडते कशी, ते बघा. वर्गात गुरुजी धडा वाचतात, एकेका वाक्याचं मराठी किंवा उर्दू करून सांगतात, मग प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतात. मुलं उतरवतात, घोकतात, परीक्षेत ओततात. या पद्धतीला व्याकरण-भाषांतर पद्धत म्हणतात. युरोपातल्या शाळांत लॅटिन आणि ग्रीक शिकवण्यासाठी ती वापरात होती. म्हणजे अशा भाषांसाठी, ज्या कोणी बाजारात बोलत नव्हतं. जर्मनीत विल्हेल्म फिएटोर याने १८८२ सालीच पत्रक काढून ही पद्धत उलटवा म्हणून सांगितलं होतं. आपण मात्र जिवंत इंग्रजी अजून मढ्यासारखी शिकवतो.

साहित्याचं तेच. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सवरची कविता आपल्यातल्या अनेकांनी शाळेत ऐकली असेल. त्यावर ठरलेला विनोद असा की, ज्या पोरांनी डॅफोडिल पाहिलं नाही त्यांना ही कविता कशाला. मला हा विनोद पटत नाही. न पाहिलेलं फूल ही अडचण नव्हतीच. अलिफ लैलाच्या गोष्टींतला बगदाद तरी आपण कुठे पाहिला होता? अडचण ही होती की कविता कोणी वाचलीच नाही. तिची 'सेंट्रल आयडिया' गाइडमधून पाठ केली. कवीला काय वाटलं हे चार ओळींत लिहायचं, तुम्हाला काय वाटलं हे कोणी विचारायचं नाही.

आता यावर आपल्या समाजाने शोधलेला उपाय म्हणजे इंग्रजी माध्यम. अब्बा रिक्षा चालवतात, अम्मी शिवणकाम करते, आणि पोराच्या फीसाठी दागिना गहाण पडतो. मी त्या आईबापांना नावं ठेवणार नाही. त्यांनी पाहिलंय की इंग्रजी बोलणाऱ्याला खुर्ची मिळते. त्यांचा हिशेब चुकलेला नाही, त्यांना विकलेला माल खोटा आहे. माझा भाचा अशाच एका शाळेत जातो. तिथे मराठी किंवा दखनी बोललं की दहा रुपये दंड. शिक्षिका स्वतः घरी इंग्रजी बोलत नाहीत, त्यांनाही ती तशीच घोकून आलेली. मग त्या विज्ञानाचा धडा इंग्रजीत वाचतात आणि मुलं तो इंग्रजीत पाठ करतात. भाच्याला मी विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय? त्याने इंग्रजी व्याख्या एका दमात म्हटली. मग विचारलं, ओला टॉवेल वाळतो तेव्हा पाणी जातं कुठे? तो गप्प. मराठी माध्यमात एक विषय बुडत होता, इथे सगळेच विषय बुडताहेत, तेही फी भरून.

उरलेल्यांसाठी तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचे क्लास आहेतच. त्यात तुम्हाला स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. मुलाखतीत पहिली दोन मिनिटं निभतात. तिसऱ्या मिनिटाला समोरचा काहीतरी विचारतो आणि पाठ केलेलं संपतं.

आणि आपले वडीलधारे कशावर भांडतात? उर्दू माध्यम ठेवायचं की मराठीत जायचं, की सरळ इंग्रजीत. ओळख कशाने टिकेल, मजहब कशाने टिकेल. भाषा मजहबाची नसते, माणसांची असते, हे मी इथे पुन्हा सांगत बसणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या भांडणात पोराच्या डोक्यात आधीच कोणती भाषा आहे, याची चौकशी कोणीच करत नाही. सर सय्यद अहमद यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली ती इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायला, आणि १८७५ साली अलिगढला शाळा काढली ती मुलांना इंग्रजीपर्यंत न्यायला. एकाच माणसाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. आपण दीडशे वर्षांनी अजून एकच वाट निवडायचा हट्ट धरतो. माझं उत्तर असं आहे की माध्यम ते ठेवा ज्यात पोराला समजतं, आणि इंग्रजी भाषा म्हणून नीट शिकवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एक समजून बसलोय, त्यात दुकानदारांचं फावतं.

काही तरुण मित्र म्हणतात, इंग्रजी साहित्य हे साहेबाचं हत्यार होतं. खरं आहे. मेकॉलेचं १८३५ चं टिपण सगळ्यांना माहीत आहे. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं आहे की इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून इंग्लंडमध्ये रुजण्याआधी हिंदुस्थानात रुजला, आणि त्यामागे राज्यकर्त्यांचे हेतू होते. पण हत्यार कोणी घडवलं यापेक्षा ते आज कोणाच्या हातात आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. रुकैया सखावत हुसेन ही रंगपूरकडच्या जमीनदार घरातली मुलगी. पडद्यात वाढली, शाळेत गेली नाही. घरात मुलींच्या बंगाली-इंग्रजीला विरोध होता. थोरला भाऊ रात्री सगळे झोपल्यावर तिला शिकवायचा. त्या मुलीने पुढे 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट थेट इंग्रजीत लिहिली आणि १९०५ साली ती मद्रासच्या एका मासिकात छापून आली. त्या गोष्टीत बायका सूर्याच्या उष्णतेवर देश चालवतात आणि पुरुष घरात पडद्यात असतात. तिने बंगालीही सोडली नाही, तिचं बरंचसं लेखन बंगालीतच आहे. कलकत्त्यात मुलींची शाळाही चालवली. तिला इंग्रजी दंड भरून आली नाही. आपल्या माणसाजवळ बसून, वाचून आली.

मलाही शेवटी तशीच आली. रद्दीवाल्याकडून किलोने आणलेल्या गुप्तहेरांच्या कादंबऱ्या, आणि रोजच्या कामातले एरर मेसेज. शब्दकोश बाजूला ठेवून वाचत सुटलो. एका पानावर दहा शब्द अडायचे, नंतर चार, नंतर एक. प्रोग्रॅमिंग शिकताना कोणी आधी दोन वर्षं नियम पाठ करत नाही. दुसऱ्याचा कोड वाचतो, स्वतः चार ओळी लिहितो, चुकतो, दुरुस्त करतो. कंपायलर चूक दाखवतो, हसत नाही. आपल्या वर्गात चूक झाली की आधी हशा होतो. हसण्याच्या भीतीने आपल्या पोरांची तोंडं जितकी बंद झाली तितकी कोणत्याही अवघड व्याकरणाने झाली नसतील.

यात नवं काही नाही. वेस्टने तेच केलं होतं. एका पानावर नवे शब्द मोजकेच ठेवायचे, ते पुन्हा पुन्हा येऊ द्यायचे, आणि मुलाला पहिल्यापासून खरी गोष्ट वाचायला द्यायची. पुढे १९५३ साली त्याने सगळ्यात कामाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी छापली. आपल्याच देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरू आणि मद्रासच्या शाळांत नियम न शिकवता, मुलांना रेल्वेचं वेळापत्रक आणि नकाशे देऊन त्यांवरची कोडी इंग्रजीत सोडवायला लावली. अर्थावर लक्ष दिलं की भाषा मागून येते, ही त्यांची कल्पना जगभर चर्चेत आली. आपल्या तालुक्यात ती पोचली नाही.

ती पोचवायला सरकारची वाट बघायची का? शाळा बदलायला दहा वर्षं लागतील, त्यासाठी भांडूच. पण आपल्यातला प्रत्येक जण जो शिकून शहरात आला, तो एक काम आजपासून करू शकतो. मोहल्ल्यातल्या किंवा नात्यातल्या तीन-चार जणांना घ्या. जी शाळा सोडून बसली आहेत त्यांना आधी घ्या. आठवड्यातून एकदा, एक तास. सोप्या इंग्रजीतलं गोष्टीचं पुस्तक, औषधाचं लेबल, बँकेचा फॉर्म, एसटीचं नाही तर रेल्वेचं तिकीट, जे हाताशी असेल ते. मोठ्याने वाचायचं. अर्थ दखनीत, मराठीत, ज्या भाषेत जमेल त्यात बोलायचा. व्याकरण कोणी विचारलं तरच सांगायचं. आणि एकच नियम: चुकणाऱ्यावर हसायचं नाही.

खालाच्या मुलीला मी हे सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "अब इस उमर में?" ती सव्वीस वर्षांची आहे. आम्ही बाटल्यांच्या लेबलांपासून सुरुवात केली, फोनवरच. ती फोटो पाठवते, मी विचारतो, ती वाचते. आता एक छोटी गोष्ट चालू आहे, रविवारी दोन पानं. कधी स्वयंपाक, कधी सासरचे पाहुणे, म्हणून रविवार बुडतो. गेल्या आठवड्यात तिने मला न विचारता पोराच्या तापाच्या औषधाचं लेबल वाचलं आणि नंतर फोन करून सांगितलं, बरोबर आहे का बघ म्हणून. बरोबर होतं.