हवामान-न्याय आणि कॉलेजचा वर्ग



भुसावळचें ऊन आपणांस नवें नाहीं. वैशाखांत पारा 45 अंशांवर चढतो. परंतु ऊन, वारा वा थंडीनें केळीची बाग गेली म्हणजे हवा बिघडविली कोणीं, झळ सोसली कोणीं व भरपाई कोणाच्या पदरांत पडली, हा प्रश्न मुख्यतः समाजाचा आहे. या विचारास 'हवामान-न्याय' म्हणतात. तो कॉलेजांतील समाजशास्त्राच्या वर्गांत शिकवावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, पर्यावरणाचा विषय तर आहेच. सर्वोच्च न्यायालयानें 1991 सालीं तसा निर्णय दिला व पुढें पदवीच्या सर्व शाखांस तो आवश्यक झाला, हें खरें. पण झाडें लावा, पाणी वांचवा, एवढ्यानें दोषाचा उलगडा होत नाहीं. अमेरिकेंत माणसागणिक वर्षाकाठीं सुमारें 14 टन कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो; आपल्याकडे सुमारें 2 टन. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, हें तत्त्व 1992 च्या जागतिक करारानें मान्य केलें आहे. हा हिशेब आपल्या बाजूचा आहे.

आतां दुसरी बाजू. महसूल खात्यांत कारकून असतां मीं पंचनाम्यांच्या याद्या पुष्कळ उतरविल्या. सातबाऱ्यावर ज्याचें नांव, त्याचें नुकसान यादींत येतें. बाग आडवी झाली म्हणजे घड कापणाऱ्या व वाहणाऱ्या मजुराची रोजी बुडते. तोंडी बोलीवर बटाईनें जमीन करणाऱ्याचे श्रम जातात. त्यांच्यासाठीं यादींत रकानाच नसे. परदेशांकडे न्याय मागणारे आपण, आपल्या बांधावर तो देतों काय?

जळगांवचें विद्यापीठ 1990 सालीं स्थापन झालें व आज शेतांत राबणाऱ्या बहिणाबाई चौधरींचें नांव धारण करतें. त्याच्या विद्यार्थ्यांनीं एक महसूल मंडळ घ्यावें. बागाईतदार, कोरडवाहू शेतकरी, बटाईदार व मजूर अशा चौघांच्या घरीं बसून एकाच वादळाचा जमाखर्च मांडावा. दीपनगरला जळणाऱ्या कोळशाची वीज कोठें जाते व राख कोठें पडते, हेंही पाहावें.

आपलें कर्तव्य एवढेंच कीं, मुलें दाराशीं आलीं तर वही लपवूं नये. शिवाय आपल्या संस्थेनें नुकसानीच्या नोंदींत मजुरांच्या बुडालेल्या दिवसांचा एक रकाना आजच आंखावा. तेवढ्यास सरकारी हुकुमाची गरज नाहीं.