देवाची इच्छा की आमची हयगय?

काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी एक लहानशी पांढरी पेटी दफनभूमीत आमच्यासमोर ठेवण्यात आली. पेटीतले बालक दिवस भरण्यास दोन आठवडे उरले असताना आईच्या पोटातच निवर्तले होते. अशा वेळी आम्ही धर्मगुरू जे बोलतो तेच बोललो : देवाची इच्छा! आठवड्याने सांत्वनासाठी घरी गेलो, तेव्हा त्या मातेने आम्हांला विचारले, "फादर, शेवटचे दोन दिवस बाळ हललं नव्हतं. मी घरात सांगितलं. नववा महिना लागला की बाळ शांत होतंच, असं सगळे म्हणाले. शनिवारी नोव्हेना संपणार होती, तोवर थांब म्हणाले. ही पण देवाचीच इच्छा होती का?"

तिचा रक्तदाब सहाव्या महिन्यापासून वाढलेला होता. आठवड्यातून दोनदा बाळाची तपासणी करावी, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. तो कागद घरच्या वेदीवर, मेणबत्त्यांच्या शेजारी, घडी घालून ठेवलेला होता. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

गर्भधारणेच्या क्षणापासून मनुष्यजीवन पवित्र आहे, असे आपण मानतो. गर्भपाताविरुद्ध आम्ही व्यासपीठावरून आवाज उठवतो, आणि तो उठवलाच पाहिजे. परंतु जे मूल सर्वांना हवे आहे, ज्याच्यासाठी नवस बोलले गेले आहेत, ते पोटात गुदमरत असताना आपला समाज स्वस्थ बसतो, तेव्हा आमचा आवाज कोठे जातो? जन्मापूर्वीच्या बालकाला माणूस म्हणायचे आणि आजारी माणसाची घेतो तेवढीही काळजी त्याची घ्यायची नाही, ही विसंगती आहे. स्पष्टच सांगायचे तर हा दांभिकपणा आहे, आणि त्यात आम्हीही सामील आहोत.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवा. एलिझाबेथ उतारवयात प्रथमच गर्भवती झाली होती. आजचे डॉक्टर तिच्या कागदावर 'जोखमीचे गरोदरपण' असेच लिहितील. पवित्र मरियेचे अभिवादन कानी पडताच तिच्या उदरातील बालकाने उडी घेतली आणि ती हालचाल तिने ओळखली. मरिया आशीर्वाद देऊन लगेच परत फिरली नाही. सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली. उदरातील बाळाच्या हालचालीला आपल्या धर्मात एवढे स्थान असताना, बाळ हलत नाही असे सांगणाऱ्या सुनेला गप्प बसवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नववा महिना लागला की बाळ शांत होते, हा समज खोटा आहे. जागा अपुरी पडल्याने हालचालीचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी लोळणे, सरकणे अधिक जाणवते. पण निरोगी बाळ प्रसूतीच्या दिवसापर्यंत हलत राहते. हालचाल स्पष्टपणे मंदावली तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, इस्पितळ गाठले पाहिजे.

आईला उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असेल, पूर्वी मूल पोटात दगावले असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, जुळी असतील किंवा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याने गुंतागुंत झाली असेल, तर डॉक्टर विशेष तपासण्या सांगतात. त्यांत भिण्यासारखे काही नाही. एनएसटी नावाच्या तपासणीत आईच्या पोटावर दोन पट्टे बांधतात व साधारण वीस मिनिटे बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर उमटतात. मिनिटाला ११० ते १६० ही त्यांची सर्वसाधारण मर्यादा. बाळ हलले की ठोके काही क्षण वाढतात. त्याला प्राणवायू पुरेसा मिळत असल्याची ती खूण होय. सोनोग्राफीत गर्भजल, बाळाची हालचाल आणि श्वासासारखी छातीची हालचाल पाहतात. डॉपलर तपासणीत नाळेतील रक्तप्रवाह मोजतात. वार नीट काम करीनाशी झाली की दोन ठोक्यांमधला हा प्रवाह कमी होतो, पुढे थांबतो, क्वचित उलटही वाहतो. जोखमीच्या गरोदरपणात डॉपलरच्या आधारे निर्णय घेतल्यास बालमृत्यू घटतात, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. सर्वच स्त्रियांची सरसकट डॉपलर केल्याने मात्र तसा लाभ आढळलेला नाही. म्हणून प्रत्येकीने यंत्रामागे धावावे असे आम्ही म्हणत नाही. जिला गरज आहे तिला अडवू नका, एवढेच म्हणतो.

यावर आक्षेप येतात. पहिला असा, की हीच यंत्रे मुलींच्या हत्येला कारण झाली. आक्षेप खरा आहे. गर्भजलाची परीक्षा करून मुली खुडण्याचे पाप आपल्याच महाराष्ट्रात एवढे माजले, की १९८८ साली राज्याला देशातील पहिला प्रतिबंधक कायदा करावा लागला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. परंतु गर्भजल काढणाऱ्या त्या सुईचा आधीचा इतिहासही पाहा. न्यूझीलंडचे डॉक्टर विल्यम लायली तिच्याच साहाय्याने आरएच दोषाने आजारी झालेल्या बाळांची स्थिती ओळखत असत. १९६३ साली त्यांनी आईच्या पोटातील बाळालाच रक्त देऊन ते वाचवले. हेच लायली पुढे गर्भपातविरोधी चळवळीचे अग्रणी झाले. गर्भवतीच्या सोनोग्राफीचे प्रणेते, ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनीही ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला कसून विरोध केला. एकाच सुईने एक जण मारतो, दुसरा तारतो. दोष सुईला कसा द्यावा?

दुसरा आक्षेप श्रद्धेचा : यंत्रावर विसंबणे म्हणजे देवावर अविश्वास. रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने १९८७ साली 'दोनुम व्हिते' हे मार्गदर्शनपत्र काढले. गर्भाच्या जीविताचा व शरीराचा आदर राखून, त्याचे रक्षण किंवा उपचार करण्यासाठी केलेली जन्मपूर्व तपासणी नीतीला धरून आहे, असे त्यात सांगितले आहे. दोष आढळल्यास मूल नष्ट करण्याच्या हेतूने केलेली तपासणी मात्र निषिद्ध आहे. म्हणजे ख्रिस्तसभेने दार उघडे ठेवले आहे. ते लावून घेतो आपण. संत जियाना बेरेत्ता मोला यांचे उदाहरण देऊन मातेने सारे निमूट सोसावे असे सांगणारेही भेटतात. जियाना स्वतः डॉक्टर होत्या. १९६१ साली गर्भाशयात गाठ आढळली तेव्हा त्या देवघरात बसून राहिल्या नाहीत. गर्भ राखून गाठ काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी करून घेतली.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि डॉक्टरांच्या लोभाचा. अनावश्यक तपासण्या व शस्त्रक्रिया होतात, हे आम्ही नाकारत नाही. तपासणी कशासाठी, तिच्यावरून काय ठरणार, हे डॉक्टरांना धीटपणे विचारावे. शंका वाटल्यास दुसऱ्याचा सल्ला घ्यावा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते व जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण करतात. आपल्यापैकी किती कुटुंबांना हे ठाऊक आहे? स्नानसंस्काराच्या मेजवानीला कर्ज काढणाऱ्या घरात त्याच बाळाच्या तपासणीसाठी रिक्षाचे भाडे निघत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून धर्मग्रामांकडे आमचे मागणे आहे. विवाहपूर्व शिबिरात ही माहिती वरांनाही द्यावी, केवळ वधूंना नव्हे. महिला मंडळाने लाल खुणेच्या मातांची विचारपूस करावी. रात्री-अपरात्री गाडी मिळेल याची जबाबदारी वाडीवाडीतील तरुणांनी घ्यावी. एवढे करूनही काही बालके जातील, कारण कोणतीही तपासणी मृत्यूला पूर्णपणे अडवू शकत नाही. अशा वेळी मातेला दोष देऊ नका, आणि त्या बालकाला अंधारात गुपचूप पुरूही नका. आईवडिलांची त्याला स्नानसंस्कार देण्याची इच्छा असेल, तर बिशपांच्या अनुमतीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी करण्याची मुभा धर्मसभेच्या कायद्यात आहे.

त्या मातेला द्यायचे उत्तर आम्हांला उशिरा सुचले. नाही, बाई, ती देवाची इच्छा नव्हती. देवाने तुला बाळाची हालचाल कळण्याची जाणीव दिली होती, आणि तू ती वेळेवर सांगितलीही होतीस. ऐकले नाही ते आम्ही. यापुढे आमच्या धर्मग्रामात कोणी सून 'बाळ हलत नाही' म्हणाली, तर प्रथम गाडी काढा. नोव्हेना गाडीत बसूनही म्हणता येते.